सोड्याची चटणी

सत्ता बळकावून बसलेल्या जनरलसाहेबांची निवडणूक मंडालेतल्या दॉ म्या सेनला मुळीच मान्य नव्हती. अर्धा देश लढाईत जळत होता आणि तिचा मुलगा झेयार मोर्चात गेला म्हणून चार वर्षं तुरुंगात खितपत पडला होता. पण मतदानाच्या आदल्या दिवशी वॉर्डाचा मुखिया दारात आला.

"मावशी, बोटाला शाई दिसली तरच तुरुंगात डबा घेतील. बघा बुवा, पोरगा तुमचा आहे."

तिने मुकाट्याने जाऊन जनरलच्या पक्षाला मत दिलं. दुसऱ्या दिवशी झेयारला आवडते तशी सुक्या कोळंबीची, सोड्याची तिखट चटणी परतली आणि शाईचं बोट पुढे करून ती तुरुंगाच्या फाटकाशी रांगेत उभी राहिली.

शिपायाने यादी पाहिली आणि आवाज खाली आणला. "मावशी, तो तापाने गेला. बारा दिवस झाले. तुमच्या मुखियाने तेव्हाच सही करून मृत्यूचं पत्र नेलंय."

ती रांगेतल्या मागच्या बाईकडे वळली आणि डबा तिच्या हातात दिला.

"तुझ्या पोराला तिखट चालतं का गं?"