बारा इंच मागे

साडेतीनला भगीरथच्या टेबलावर लढाई सुरू व्हायची होती आणि डोंगरातल्या माणसांच्या बाजूने खेळायला कोणीच तयार नव्हतं. ठाण्या-पुण्याहून आलेले तिघेही कंपनी सरकारच्या पलटणीमागे खुर्च्या ओढून बसले होते. तोफा तिकडे, घोडदळ तिकडे, मग दुसरीकडे कोण बसतो?

शहापूरजवळच्या त्या रिसॉर्टच्या हॉलमध्ये अशी बावीस टेबलं मांडली होती. प्रत्येकावर कुठली तरी जुनी लढाई, करंगळीच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई, फासे आणि मोजपट्टी. प्रत्येक टेबलाला निळा टी-शर्ट घातलेला एक यजमान. त्याने हौसेने यायचं, नियम सांगायचे, मेलेले नि पळालेले शिपाई उचलून डब्यात ठेवायचे आणि स्वतः खेळायचं नाही. एकवीस लढाया लांबच्या मुलखांतल्या होत्या. भगीरथची तेवढी इथली, मुरबाडच्या डोंगरातली, त्याच्याच वाडीवरच्या बोरखिंडीतली. दोन वर्षं समितीने ती नाकारली होती. लेखी पुरावा नाही, असं कारण दिलं होतं. यंदा घेतली.

"चौथा मिळाला नाही तर टेबल बंद करू," संयोजक मनोज सर म्हणाले.

वर्षभर रात्रंदिवस हेच टेबल केलं होतं भगीरथने. त्याने इकडे तिकडे पाहिलं. त्याची आत्या सावळी कप गोळा करत होती. ती रिसॉर्टवर कामालाच होती.

"आत्या, बसतेस? नुसता फासा टाकायचा."

"भांडी पडल्यात माझी," ती म्हणाली. मग टेबलाकडे पाहून थांबली. "ही आपली खिंड हाय का रे?"

"हाय."

"आन हा लाल मुंडाशाचा?"

"वाळूबाबा."

सावळीने ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि ती बसली. खिंडीच्या तोंडाशी वाळूबाबा धरून अकरा माणसं उभी होती. तिने ती बोटाने मोजली. बरोबर अकरा.

भगीरथने नियम सांगितला. पलटणीने गोळीबार केला की डोंगरवाल्यांनी फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले तर ते टिकले. कमी पडले तर बारा इंच मागे पळाले. खिंडीपासून टेबलाची मागची कड अकराच इंचांवर होती, म्हणजे एकदा पळाले की टेबलाबाहेर, हे त्याने सांगितलं नाही.

पहिल्यांदा सहा पडले. दुसऱ्यांदा पाच. तिघे खेळाडू हसायला लागले, आजूबाजूच्या टेबलांवरचे दोघे-चौघे येऊन उभे राहिले. सावळीला चेव चढला होता.

"दिवसभर थोपवलं व्हतं यांनी," ती त्या अनोळखी माणसांना सांगू लागली. "बाया-पोरं घाट चढून जाईपर्यंत."

तिसऱ्यांदा दोन पडले.

"मावशी, पळाले तुमचे," चष्मेवाला खेळाडू म्हणाला आणि त्याने मोजपट्टी ताणली.

सावळीने अकरा जणांभोवती हात धरला. "पळतील कशाला? ह्ये तिथंच पडले. दगड हाय त्यांचा वर. दिवाळीला नारळ फोडतो आमी. पळणाऱ्याचा दगड कोन लावंल?"

"नियमातच आहे, मावशी."

"नियम कोनी केला?"

तिघांनीही भगीरथकडे पाहिलं.

"आत्या, कंपनीच्या साहेबाच्या रिपोर्टात तसंच लिवलंय. पहिल्या गोळीला पळाले म्हनून. समितीला लेखी लागतं."

"आन तुझ्या आजीनं सांगितलं ते?"

"ते लेखी नाय."

आजीने सांगितलेलं लिहून दिलं म्हणूनच समितीने दोनदा नाकारलं, हे त्याला सांगायचं होतं. पण एवढी माणसं ऐकत होती आणि त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. त्याने हात पुढे केला. पळालेले शिपाई उचलणं हे यजमानाचं काम.

सावळीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने आपला हात काढून घेतला.

त्याने एकेक माणूस उचलून डब्यात ठेवला. लाल मुंडासं शेवटी. त्या मुंडाशाचे पीळ त्याने दोन केसांच्या कुंचल्याने रंगवले होते. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी रिकाम्या खिंडीचा फोटो काढला. "काय जिवंत टेबल आहे," असं दोघे-तिघे म्हणाले. मनोज सर उद्याच्या वेळापत्रकाच्या फळ्यापाशी गेले, काही खोडून काही लिहून आले, भगीरथच्या कानाशी काही बोलले आणि त्याची पाठ थोपटली.

सावळीने ट्रे उचलला. त्या टेबलावरचेही चार कप त्यात ठेवले. भगीरथ डबा उघडून एकेक माणूस पुन्हा खिंडीत उभा करत होता.

"झाली ना आता तुझी लढाई?" ती हळूच म्हणाली. "का उद्या पन पळवशील त्यांना?"

भगीरथने मान वर केली नाही. लाल मुंडाशाला त्याने सगळ्यांच्या पुढे, होता त्याच जागी ठेवलं.

"उद्या दोनदा हाय, आत्या," तो म्हणाला.