ओळखीचा चेहरा

"दादा, फोन जरा वर धरा. मागचा सैनिक अर्धाच येतोय," रुचा म्हणाली.

महिपतीने तिचा फोन दोन्ही हातांनी वर धरला. साडेदहा वाजून गेले होते. बारा वाजता बालाजीची पेटी बंद होणार होती आणि शवागार इथून गाडीने अर्ध्या तासावर होतं.

सकाळी अल सद्दमधल्या घरून निघतानाच त्याने मॅडमच्या कानावर घातलं होतं. गावचा पोरगा बालाजी, इथे आखातात मजुरीला आलेला, कॅम्पातल्या खोलीत दुपारचा झोपला तो उठलाच नाही. संध्याकाळच्या विमानाने पेटी जायची होती. ऐकून रुचाला खरंच वाईट वाटलं. "अरेरे. नक्की जा दादा. मला फक्त तासभर द्या, अकराला तुम्ही मोकळे." ड्रायव्हरला ती दादा म्हणायची, अहोजाहो करायची, आणि हे ती चारचौघांत आवर्जून सांगायचीही.

महिपतीला नुसतं शेवटचं दर्शन घ्यायचं नव्हतं. गेल्या साली शेजारच्या गावात अशीच एक पेटी उघडली, तर आत भलताच माणूस निघाला होता. म्हणून बालाजीच्या आईने, हौसाबाईने, फोनवर एकच धोशा लावला होता. "म्हैपत, तू सोत्ता डोळ्यानं बघ. तू म्हन्लास त्योच हाय, की मी मानंन. कागदाचं मला सांगू नगंस."

संग्रहालयाच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. चीनच्या कुठल्याशा बादशहाच्या कबरीपाशी जमिनीखाली गाडलेली मातीची फौज, त्यातले आठ सैनिक इथे काचेआड उभे केले होते. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही असं दारातल्या फलकावर लिहिलं होतं. त्यामुळे जो तो त्यांच्यात आपला काका, मामा नाहीतर बॉस शोधत होता आणि सापडला की फोटो काढत होता. रुचाने तर महिनाभर या विषयाचा फडशा पाडला होता. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिला व्हिडिओ टाकायचा होता.

"बघा हे मिटलेले ओठ, ही बारीक मिशी," ती सांगू लागली. "बावीसशे वर्षांनीसुद्धा हा माणूस गर्दीत ओळखू येईल. पण मला विचाराल, तर माझा जीव तुटतो तो हे घडवणाऱ्या मजुरांसाठी. घरापासून इतक्या लांब, उन्हातान्हात..."

तिचा गळा दाटून आला. नेमका तेव्हाच महिपतीच्या खिशातला फोन थरथरला.

"आवाज आला, दादा. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं, तर मधून एक बाई ट्रॉली ढकलत गेली. तिसऱ्यांदा रुचा साल विसरली. चौथ्यांदा सगळं जमलं, पण गळा काही दाटून आला नाही.

"मॅडम, सव्वाअकरा झाले."

"हो हो, हे शेवटचं."

खिशातला फोन पुन्हा थरथरला. महिपतीने एका हाताने तो कानाला लावला. बालाजीच्या खोलीतला नसरुद्दीन शवागारातून बोलत होता. "भाई, किधर है? मैं इन लोगों को कितना रोकूँ?"

"आता हूँ, बस आता हूँ," महिपती कुजबुजला. रुचाने ओठांवर बोट ठेवलं.

हा फोन समोरच्या बाकावर ठेवावा आणि सरळ चालू पडावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण त्याचा व्हिसा साहेबांच्या, म्हणजे मॅडमच्या नवऱ्याच्या, नावावर होता, आणि पाय काही निघाले नाहीत. त्याला तिचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. हातातल्या पडद्यावर तो मातीचा सैनिक शांतपणे उभा होता, आणि त्याच्याकडे बघत बसण्याखेरीज महिपतीला दुसरं काम नव्हतं.

मनासारखा व्हिडिओ झाला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पार्किंगमध्ये पोचल्यावर महिपतीने नसरुद्दीनला फोन लावला.

"खलास, भाई. पेटी बंद हो गई. ऊपर कागज भी चिपका दिया."

"तूने देखा उसको?"

"मैं तो दस्तखत की लाइन में था. बोलते हैं, पासपोर्ट से मिलाया है."

महिपतीने गाडी दारात आणली. रुचा मागे बसली आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकण्यात गढून गेली. दुसऱ्याच सिग्नलला हौसाबाईचा फोन आला. गाडी चालवताना फोन हातात धरायचा नाही, म्हणून महिपतीने तो स्पीकरवर घेतला.

"म्हैपत, बघितलास का रं?"

सिग्नल लाल होता.

"बघितलं, मावशी."

"त्योच हाय?"

"त्योच हाय."

"कसा दिसत व्हता?"

हे ती विचारेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. बालाजीचा चेहरा आठवायला तो गेला, पण सकाळपासून ज्याच्याकडे बघत होता तोच चेहरा पुढे आला.

"शांत व्हता, मावशी," तो म्हणाला. "व्हट मिटल्यालं. मिशी जशीच्या तशी."

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. मग हौसाबाई म्हणाली, "तू व्हतास म्हनून बरं बाबा," आणि फोन बंद झाला.

रुचाने फोनमधून मान वर केली. तिचे डोळे खरोखरच ओले होते.

"बरं झालं दादा, तुम्हाला मधेच जाऊन येता आलं," ती म्हणाली. "मी आपली व्हिडिओच्या नादात, माझ्या लक्षातही आलं नाही. तुमचं राहिलं असतं, तर मला उगाच रुखरुख लागली असती."