साडेबारा हजार किलोमीटरचा केर

लेकीची टॅक्सी विमानतळाकडे वळली आणि मी केरसुणी उचलली. बायकोनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"माणूस पोचेपर्यंत केर काढत नाहीत!"

निरोप द्यायला अख्खी सोसायटी येऊन गेली होती. हॉलभर चुरमुरे, शेंगांची टरफलं, सुतळीचे तुकडे. मला तर जमिनीवर एक केस दिसला तरी घास उतरत नाही.

"अगं, ती पुण्याला जायची तेव्हा चार तासांचा प्रश्न होता. मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर आहे. मधला थांबा धरून बावीस तास!"

"मग बावीस तास नाही काढायचा."

"चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं मी, आणि माझ्याच घरात हे?"

चिडून मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलो. मोबाइलवर तिचं विमान मुंगीसारखं सरकत होतं. पाणी प्यायला उठलो की पायाखाली चुरमुरे चुरडायचे, मी वैतागायचो आणि परत येऊन विमान बघायचो. आठ हजार उरले. तीन हजार. नऊशे.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमान टोरांटोवर थांबलं.

"उतरलं!" मी ओरडलो.

बायकोनं देवाला हात जोडले, पदर खोचला आणि केरसुणी घेतली. मी धावत जाऊन ती तिच्या हातातून काढून घेतली.

"थांब की जरा! विमान उतरलंय, पोरगी घरी कुठं पोचलीय? अजून चाळीस किलोमीटर आहेत."