मधली भिंत सोडून

"सही इथं करा," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं पेन पुढं केलं.

चेकरबाईंनी पेन घेतलं नाही. दाराची साखळीही काढली नाही. चार बोटांच्या फटीतून त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. एकतीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली होती. समोरचा माणूस खिशात तिकीट शोधतोय की शोधायचं सोंग करतोय, हे त्यांना त्याच्या मानेवरून कळायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना चेकरबाईच म्हणत, आणि त्यांनाही जगात बिनतिकिटाची माणसंच जास्त दिसत.

"ओळखपत्र."

त्यानं दिलं. बाईंनी ते फटीतून आत घेतलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, फोटोतलं नाक आणि दारातलं नाक ताडून पाहिलं. मग मागचा नंबर फिरवून कार्यालयात चौकशी केली. माणूस खरा निघाला, आणि घराचं काम फुकटात होणार हेही खरं निघालं. त्यानं संशय कमी झाला नाही, उलट वाढला. खरा माणूस फुकटात काम करून द्यायला दारात उभा राहतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

शेवटी साखळी निघाली. मिस्त्री आत आला आणि हात चोळायला लागला. घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. बाईंच्या अंगावर दोन स्वेटर आणि वर नोकरीतला जुना कोट. ओल धरलेल्या भिंतीवर रंगाचे पापुद्रे सुटले होते. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या होत्या. कोपऱ्यात हीटर चालू होता, पण त्याची ऊब समोरच्या दोन फरशांपुरतीच.

"सरकारी योजना आहे, बाई. भिंतींच्या पोकळीत लोकर भरायची, छताखाली जाड थर घालायचा, खिडक्यांना दुहेरी काच. खर्च सरकारचा. घर ऊबदार राहतं, वीज कमी लागते."

"आणि सरकारला काय मिळतं?"

"वीज वाचते की."

"मी अर्ज केलेला नाही."

"तुम्ही नाही, शेजारच्या बाईंनी केलाय. इमारत एक, घरं दोन. एकीनं अर्ज केला की दोन्हीकडचं काम होतं. फक्त दुसरीची संमती लागते."

शेजारच्या बाई म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण. वडिलांनी एका घराची दोन करून दोघींना दिली होती. आई गेली त्याच आठवड्यात, तिच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून दोघींचं वाजलं, आणि बोलणं बंद झालं ते झालंच. नऊ वर्षं. दोन दारांत तीन पावलांचं अंतर, पण एकीचं दार वाजलं की दुसरी आतच थांबायची.

"बघू तो कागद."

अर्ज धाकटीच्याच अक्षरात होता. खाली दोन्ही घरांचा नकाशा. बाहेरच्या सगळ्या भिंतींवर, छतांवर, खिडक्यांवर बरोबरच्या खुणा. फक्त दोन घरांमधल्या भिंतीवर निळ्या शाईची मोठी फुली, आणि शेजारी लिहिलेलं: 'मधली भिंत सोडून.' त्याखाली दोन रेघा मारलेल्या.

"ही का सोडली?"

"ते त्यांनाच माहीत. आम्ही तीही भरतो, वेगळं काही पडत नाही. मी समजावून सांगितलं, पण ऐकेनात. त्या भिंतीला हात लावाल तर अर्जच मागं घेते म्हणाल्या."

आता बाईंना सगळं लख्ख दिसायला लागलं. आज भिंत मोकळी ठेवायची, ताईच्या सहीनं कागद पक्का करून घ्यायचा आणि उद्या ती भिंत पाडायची. वाटणीत मधली खोली ताईकडं गेली हे धाकटीला कधी पचलंच नव्हतं. नाहीतर जिनं नऊ वर्षांत 'कशी आहेस' म्हणून विचारलं नाही, तिला एकाएकी आपल्या छताचा पुळका कुठून आला?

"इथंच थांबा. कशाला हात लावू नका," असं मिस्त्रीला बजावून त्या कागद घेऊन बाहेर पडल्या आणि बहिणीचं दार वाजवलं. वाजवलं कसलं, बडवलंच.

धाकटीनं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. बाई तिला ओलांडून थेट मधल्या भिंतीपाशी गेल्या. मापं घेतलेली असणार, खुणा केलेल्या असणार. त्यांनी वरपासून खालपर्यंत भिंत तपासली. पेन्सिलीची एक रेघ सापडली नाही. धाकटीचा पलंग तेवढा भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेला होता.

"ही भिंत का सोडलीस? खरं सांग. पाडायची आहे ना?"

"पाडायची?" धाकटीला काही कळेना. "कशाला?"

"तेच विचारतेय मी, कशाला…" आणि बाईंना खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. धाकटीनं मुकाट्यानं गरम पाण्याचा पेला हातात दिला आणि पाठीवरून हात फिरवला.

"दोन हिवाळे हा खोकला ऐकतेय," ती म्हणाली. "घर गार पडलंय तुझं. म्हणून अर्ज केला."

"ते छताचं झालं." बाईंचा आवाज बसला होता, पण तपासणी संपली नव्हती. "मी भिंतीचं विचारतेय."

धाकटीनं नजर खाली घेतली. "मिस्त्री म्हणाला, ही भरली की पलीकडचा आवाज अजिबात येणार नाही."

"मग बरंच की. सुखानं झोपशील."

"नाही गं, ताई. नऊ वर्षं झाली, तुझ्या दिव्याचा खटका ऐकू आला की मगच मला झोप लागते."