चौकटीच्या डावीकडे

"थांबव," बायजाबाई म्हणाल्या. "मागं घे. आता पाहा सारे जण."

बाबूलालने कॅसेट मागे घेतली. लग्नाचे शूटिंग त्यानेच केले होते आणि दाखवायला व्हीसीआरही तोच भाड्याने घेऊन आला होता. पडद्यावर चंद्रकलाने पुन्हा एकदा हार उचलला, नवऱ्याच्या, जागेश्वरच्या, गळ्यात घातला आणि मान वळवली. चित्र थांबले. त्यावरून पांढऱ्या रेघा थरथरत राहिल्या.

"कोणाले पाहून राहिली हे?" बायजाबाईंनी विचारले. जागेश्वरच्या त्या आत्या. घरात त्यांचा शब्द चाले आणि लग्नातले सगळे विधी त्यांच्याच सांगण्यावरून झाले होते.

"मी तं चिल्लावून राहिलो होतो, भाभीजी इधर देखो," बाबूलाल म्हणाला. "पण भाभीजी काही देखत नाहीत."

"लाजून असन," कोणीतरी म्हणाले.

"लाजणारी पोरगी आपल्या पायाकडं पाहते. हे दुसरीकडं पाहते. अन् पाहून हासते."

ते खरे होते. हार घालताना, काका-काकू कन्यादान करत असताना, सप्तपदीच्या आधी, चंद्रकला प्रत्येक वेळी चौकटीबाहेर डावीकडे पाहत होती. किंचित खाली. जागेश्वर तिच्या शेजारीच होता, पण त्याला काही कळले नव्हते. तो प्रत्येक चित्रात कॅमेऱ्याकडे पाहत होता.

चंद्रकला चहाचे कप घेऊन आली. पडद्यावर स्वतःला पाहिले आणि कप ठेवून आत गेली.

"आखाडीले हे माहेरी जाईन ना," बायजाबाई म्हणाल्या, "तं राहू दे तिथंच. आणाचं का नाही, मंग पाहू."

त्या दिवशी जागेश्वरने तिला एकदाच विचारले, "कोण होतं तिथं?"

"कोणीच नाही," ती म्हणाली.

जागेश्वर धंतोलीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढत असे. समोरून काढलेल्या फोटोत हाड धड दिसते, आडवा फोटो काढला की चीर सापडते. म्हणून एका फोटोवर काही ठरवायचे नाही, हे त्याच्या हातात बसले होते. पण आत्याने दाखवलेली गोष्ट त्यानेही पाहिली होती, आणि त्या दिवसापासून त्याला नीट झोप नव्हती.

आषाढ लागला. तो चंद्रकलाला माहेरी पोचवायला गेला. इतवारीच्या पलीकडे कोष्ट्यांच्या वस्तीत घर होते. मायलेकी आत गेल्या आणि तो अंगणात राहिला. मांडवाच्या खांबांचे खड्डे अजून पुरते बुजले नव्हते. त्यावरून बोहल्याची जागा ठरवता आली. कॅमेऱ्याची तिपाई दाराजवळ होती, ती दिवसभर हलली नव्हती. चित्रातली डावी म्हणजे तिची उजवी, हे त्याला सांगावे लागले नसते. एक्स-रे तो रोज तसाच वाचत असे.

तो बोहल्याच्या जागी उभा राहिला, दाराकडे तोंड केले आणि उजवीकडे मान वळवून किंचित खाली पाहिले.

समोर मागाची खोली होती. विणताना उजेड मिळावा म्हणून जमिनीपासून हातभर उंचीवर केलेली एक लहान खिडकी. उभ्या माणसाचे तोंड तिच्यात आले नसते. आत खड्ड्याचा माग होता. विणणारा पाय खड्ड्यात सोडून जमिनीवर बसतो. त्याचे डोळे मात्र बरोबर त्या खिडकीशी येतात.

तो जवळ गेला. गजांच्या खाचेत हळदीने पिवळे केलेले तांदळाचे चारपाच दाणे अडकले होते. बाहेरचे दाणे चिमण्यांनी कधीच नेले असतील. हे आतून टाकलेले होते.

"काय पाहून राहिले, जवाईबापू?" सासू तुळसाबाई पाणी घेऊन आल्या होत्या. कपाळ मोकळे, हातात बांगडी नाही.

"मामी, लग्नाच्या वक्ती तुम्ही कुठं होत्या?"

त्यांचा चेहरा उतरला. "मी नाही पाह्यलं काही. बायजाबाईनं सांगतलंच होतं, पोरीवर माही नजर नको पडाले. मी मागावर होती. खिडकीकडं पाठ करून बसली होती, बाप्पा. शपथ."

मागे दारात चंद्रकला उभी होती. ती जागेश्वरकडे पाहत होती, आणि त्या नजरेत विनवणी होती. तो खिडकीपासून बाजूला झाला.

"रविवारी दोघी घरी या," तो म्हणाला. "लग्नाचं शूटिंग पाहाले."

"मले चालन का पाहिलेलं?"

"ते काही लगन नाही, मामी. फोटो आहे."

रविवारी त्याने बाबूलालला पुन्हा बोलावले. बायजाबाई सतरंजीवर मधोमध बसल्या. चंद्रकलाला आलेली पाहून त्यांनी भुवई उचलली, पण पाहुणीसमोर बोलल्या नाहीत. तुळसाबाई दाराजवळ टेकू लागल्या.

"तिथं नाही, मामी. इथं." जागेश्वरने टीव्हीच्या डाव्या बाजूला, जमिनीवर पोते अंथरले होते.

"इथून तिरपं दिसन, जवाईबापू."

"दिसू द्या."

कॅसेट सुरू झाली. पडद्यावर चंद्रकलाने हार घातला, मान वळवली आणि किंचित खाली पाहून हसली. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा तिच्या नजरेमागून गेल्या आणि तुळसाबाईंवर येऊन थांबल्या. तुळसाबाई पुढे वाकून, मान तिरपी करून लेकीचे लग्न पाहत होत्या. आपल्याकडे कोणी पाहते आहे, हे त्यांना कळले नाही.

"थांबव," बायजाबाई म्हणाल्या.

बाबूलालने बटण दाबले. पांढऱ्या रेघा थरथरू लागल्या. बायजाबाईंनी पडद्याकडे पाहिले, मग तुळसाबाईंकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्या सतरंजीवर थोड्या सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"तिथून तिरपं दिसते, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "अशा समोर येऊन बसा."