आवाज राखण्यासाठी

सलाईन लावण्याआधी डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारलं. मास्कमुळे ओठ दिसेनात. पण दर आठवड्याला त्या तेच विचारत, कानात गुणगुणतं का, ऐकू कमी येतं का. तात्यारावांनी अंदाजानंच नकाराची मान हलवली.

कान केव्हाचेच वाजायला लागले होते, आत रातकिडे बसल्यासारखे. आता तर पूर्णेच्या रेल्वे फाटकापाशी उभं राहिलं तरी गाडी जवळ आल्याचं पायाखालच्या थरथरीनंच कळायचं. गँगमन म्हणून सारी नोकरी रुळांवर गेली होती त्यांची. तरी ऐकू येत नसल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

घशात गाठ निघाली तेव्हा ऑपरेशन करून स्वरयंत्र काढू, असं डॉक्टर म्हणाले होते. तात्याराव हटून बसले. मग दुसरा मार्ग निघाला. रोज मशीनमधून किरणांचा शेक आणि जोडीला हे सलाईनमधलं औषध. गाठ विरघळली तर आवाज राहील. मात्र औषध कानांवर उतरलं तर थांबवावं लागेल, असं बजावलं होतं.

त्यांच्या बायकोची, गीताबाईंची नजर काचबिंदूनं कधीच गेली होती. घरात त्या चालायच्या तात्यारावांच्या आवाजावर. उंबरा आला. ताट उजवीकडं हाय. मी हितंच बसलोय. आवाज गेला की तिच्यापुरते आपण सरलो, असं तात्यारावांना वाटायचं.

आज गीताबाई हट्टानं सोबत आल्या होत्या. नर्स शीर शोधू लागली, तशा त्या उठल्या आणि त्यांनी चाचपडत डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"म्याडम, हे खोटं सांगायलेत. मी हाका मारते, हात लावल्याबिगर ओ देत न्हाईत. औषध बंद करा. आवाज गेला तर जाऊ द्या. ह्यांचं बी मीच बोलंन. पण माझं ऐकाया तरी कुणी पायजे."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला थांबवलं. औषध बदलता येईल, पण मग आवाजाची खात्री देता येणार नाही, असं त्यांनी गीताबाईंना सांगितलं. गीताबाई हलल्या नाहीत. डॉक्टरीणबाई तात्यारावांकडं वळल्या आणि त्यांनी तुमचं काय म्हणणं, म्हणून मोठ्यानं विचारलं.

तात्यारावांना तेही ऐकू आलं नाही. बायकोची नुसती पाठ दिसत होती. ह्यांना लवकर बरं करा, असंच काही ती मागत असणार. डॉक्टरीणबाई आपल्या उत्तराची वाट बघतायत, एवढं त्यांना दिसलं.

"ही म्हणायलीय तसंच करा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.