दोन पंप हवा

धाकटीच्या हातातली वाटी निसटली ती त्या आवाजानेच. बाहेरच्या खोलीत फट्कन काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि त्यामागून एक लांब, थकलेला सुस्कारा.

ती धावत बाहेर आली. थोरला भाऊ खुर्चीत बसला होता. मांडीवर बाबांची जुनी छऱ्याची बंदूक, नळी उघड्या खिडकीकडे, बोट अजून चापावर.

"दादा, काय केलंस?"

"रिकामी केली. घाबरू नकोस, छर्रा नव्हता आत. नुसती हवा. पण केवढी होती गं अजून!"

नुसती हवा. धाकटीच्या कानशिलांत आग पेटली.

पंपाची बंदूक ठेवताना कधी पुरती रिकामी ठेवायची नाही. दोन पंप हवा आत कोंडून ठेवायची, म्हणजे आतला व्हॉल्व्ह घट्ट मिटून राहतो, धूळ शिरत नाही. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, आणि ते जाण्याआधी बंदूक अशीच भरून कपाटात गेली होती. तेव्हापासून धाकटी दर महिन्याला ती बाहेर काढायची. नळी तेलाच्या फडक्यानं पुसायची, पंपाच्या सांध्यावर एक थेंब सोडायची, दस्त्यावर त्यांचा गाल टेकून टेकून जिथलं पॉलिश उडालं होतं, तिथून हलकाच हात फिरवायची. हवा भरायच्या दांडीला मात्र तिनं कधी हात लावला नाही, चापाला तर नाहीच. माणूस गेलं, आवाज गेला, कपड्यांतला अंगाचा वासही गेला. त्यांच्या हातची एवढी हवा तेवढी त्या लोखंडात राहिली होती.

"ती बाबांनी भरलेली होती," ती म्हणाली.

"अगं, हवा ती! पोरं येतायत सुट्टीला. भरलेली बंदूक ठेवायची घरात? आणि हा दस्ता बघ, कसा झालाय. मी नेतो, घासून मस्त पॉलिश करतो, हॉलमध्ये भिंतीवर लावतो. इथे पडून पडून सडेल."

"सडेल? कधी फडकं तरी मारलंस तिच्यावर? बाबा आजारी होते तेव्हा फोनवरून 'काळजी घ्या, काळजी घ्या'. आणि आता आलास भिंत सजवायला!"

"झालं हिचं सुरू." थोरला उठला. "एवढंच ना? दोन पंप मारायचे ना? हे घे, मारतो."

त्यानं दांडीला हात घातला तशी धाकटीनं झेप घेऊन बंदूक धरली. त्यानंही सोडली नाही. दोघांची चाळिशी उलटलेली, दोघांचे केस पिकायला लागलेले, आणि लहानपणी एका चादरीवरून ओढाताण करायची तशी दोघं ओढू लागली.

"सोड! तुझी हवा नकोय मला तिच्यात!"

"सोडा. दोघंही सोडा."

आई दारात उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण दोघांचे हात आपोआप ढिले पडले आणि बंदूक तिच्याकडे गेली.

"बाबांची हवा म्हणे," आई म्हणाली. "कुठल्या बाबांची? शेवटी शेवटी ह्यांना शर्टाचं बटण लागत नव्हतं, ते दांडी दाबणार होते? मी दाबायचे. हे खुर्चीत बसून सांगायचे, बस, झाले दोन. आणि आतला वॉशर केवढा जुना, हवा धरतोय कुठे तो? गेल्या आठवड्यात तू बाजारात गेलीस तेव्हा भरली, तीही मीच."

भर चौकात कुणीतरी फसवावं तसं धाकटीला झालं. थोरल्यावरचा राग सुटला आणि सगळाच्या सगळा आईवर जाऊन आदळला.

"मग मला सांगितलं का नाहीस? मी वेड्यासारखी जपत बसले! आल्यागेल्याला कौतुकानं सांगत सुटले, बाबांच्या हातची हवा आहे म्हणून!"

"कधी सांगू?" आता आईचाही आवाज चढला. "आतून दांडीचा खटका आला की तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, 'वा बाबा, आज हातात जोर आहे!' तेवढ्या एका वाक्यावर ह्यांचा दिवस जायचा. मी मध्ये तोंड घालू? घालू का, सांग ना!"

थोरला खिडकीबाहेर बघत राहिला.

आईनं बंदूक धाकटीच्या पुढ्यात धरली. "भर."

पहिला पंप कसाबसा बसला. दुसऱ्याला दांडी अर्ध्यावर अडली, तिचा हात घसरला आणि उसळून आलेली दांडी बोटांवर बसली. डोळ्यांतून पाणीच आलं. थोरला पुढे सरकला.

"तू नाही," आई म्हणाली. मग धाकटीकडे वळली. "मनगटानं होत नाही ते. छातीशी घे. अंग टाक."

धाकटीनं दात आवळले, अंग टाकलं. दांडी खटकन बसली. खोलीत फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. बोटांच्या पेरांवर लाल वळ उमटला होता. ती तो तोंडाशी धरून फुंकत राहिली.

"तुला लागायचं, आई?"

आईनं बंदूक कपाटात सारली आणि दार आपटलं.

"हे विचारायला तुझी बोटं चेचावी लागली," ती म्हणाली.